हायड्रोसेफॅलस (मुलांच्या मेंदूतल्या गाठीमुळे होणारा)

मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत सतत तयार होणारं पाणी (मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर) वाट अडल्यामुळे तिथंच साठतं आणि डोक्यातलं प्रेशर वाढतं. मुलांत मेड्युलोब्लास्टोमा, एपेंडायमोमा, पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा या गाठी बऱ्याचदा लहान मेंदूच्या भागात होतात, आणि चौथ्या पोकळीची वाट तिथूनच जाते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं याला ‘डोक्यात पाणी झालंय’ म्हणतात. सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखतं, उलटी झाली की जरा बरं वाटतं, म्हणून पित्त समजून कितीतरी दिवस जातात, हे फार वाईट आहे. चालताना झोक जाणं, नजर तिरळी होणं, तान्ह्या बाळाची टाळू फुगणं ही पण लक्षणं.

तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडून पाण्याला वाट देण्याचं श्रेय कुणाचं यावर एकमत नाही. अमेरिकन सर्जन डँडीने 1922 च्या सुमारास कवटी उघडून ते केलं, तिथल्याच मिक्स्टर या सर्जनने 1923 मध्ये दुर्बिणीतून, आणि आजची पद्धत मिक्स्टरच्याच जास्त जवळची वाटते. डोक्यातलं पाणी शरीरात दुसरीकडं (आता बहुतेक वेळा पोटात) सोडणाऱ्या नळीचा म्हणजे शंटचा वापर नीट चालणारा व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) आल्यावर, साधारण 1950 च्या दशकापासून वाढला.

खरा वाद, गाठ काढायच्या आधी पाण्याचं काय करायचं हा. पूर्वी आधी शंट बसवायचे, पण गाठ निघाल्यावर बहुतेक मुलांची वाट आपोआप मोकळी होते, कायमची सोय साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांनाच लागते. शिवाय शंट पहिल्याच वर्षात दहातल्या जवळपास चौघांत बिघडतो, इन्फेक्शन होतं, क्वचित गाठीच्या पेशी पोटात उतरतात. 2001 मध्ये पॅरिसच्या टीमने आधी दुर्बिणीतून भोक पाडायची बाजू मांडली, त्यावर ज्यांना गरजच नव्हती त्यांचंही ऑपरेशन होतं असा आक्षेप आला. त्यामुळे डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं औषध) देऊन लवकर गाठ काढणं आणि मूल गुंगीत जात असेल तर पाणी डोक्याबाहेर काढणारी तात्पुरती नळी, हेच बरं दिसतं. दोन वर्षांखालचं वय, डोळ्याच्या नसेला सूज, मेंदूत पसरलेली गाठ असेल तर मात्र नंतर पाणी राहायची शक्यता जास्त.

बेळगावात केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलात न्यूरोसर्जरी आहे, शिवाय लोक हुबळी, मिरज, कोल्हापूरलाही जातात. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे, आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना द्यायचं ठरवलं, त्याला कर्नाटकाने विरोध केला. शंट असलेल्या मुलाला उलट्या आणि गुंगी आली तर गावातल्या डॉक्टरकडं थांबू नये, जुना स्कॅन घेऊन त्याच दिवशी न्यूरोसर्जन असेल तिथं गाठावं.