गायरान: गावाचं की सरकारचं?

गायरान म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली जमीन. तिच्यावरच्या अतिक्रमणाच्या नोटिसा निघाल्या की नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘जमीन गावाची आहे.’ सातबारा काढला तर भोगवटादाराच्या रकान्यात ‘सरकार’ आणि इतर हक्कात ‘गुरचरण’. सगळा घोळ या दोन शब्दांत आहे, आणि तो चांगला दीडशे वर्षांचा आहे.

इंग्रजांच्या रयतवारीच्या, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीच्या मोजणीत शेतांना सर्व्हे नंबर पडले, आकार (सारा) बसला. कुणाच्याच नावावर न लागलेली पड सरकारजमा झाली. त्यातली काही गावच्या गुरांच्या फुकट चराईसाठी बाजूला काढण्याची तरतूद १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात आली. गावाला मिळाली ती चारण्याची मुभा. मालकी कधीच नाही. त्याच्या वर्षभर आधी, १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातली चराई परवानगीच्या कक्षेत गेली होती. इगतपुरी-त्र्यंबककडच्या डांगी जनावरांची भिस्त डोंगरावर, त्यामुळे तिकडे हा फास जास्त जाणवला असणार.

१९६६ च्या महसूल संहितेने कलम २२ मध्ये तीच व्यवस्था ठेवली. एव्हाना प्रश्न उभा राहिला होता भूमिहीनांचा. आंबे दिंडोरीचे आंबेडकरी नेते दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह उभे केले होते. नंतर १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण आलं. मागणी न्याय्यच होती. पण गुराखी आणि भूमिहीन, दोघांनाही तोच एक माळ दाखवला गेला. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगणाऱ्या २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सरकारने हात आखडता घेतला, आणि २०१७ मध्ये कलम २२-अ घालून गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधन आणलं.

या साऱ्यात धनगर कुठेच नाही. कलम २३ प्रमाणे गायरानात चरण्याचा हक्क फक्त त्या-त्या गावच्या गुरांचा. सिन्नर, नांदगावकडे मेंढरं घेऊन हिंडणारा धनगरांचा वाडा (तळ) कुठल्याच गावचा नसतो. त्याचा व्यवहार थेट शेतकऱ्याशी. पीक निघालेल्या वावरात संध्याकाळी वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावायची, मेंढरं रात्रभर बसवायची. लेंड्या शेतकऱ्याच्या, बदल्यात धान्य नाहीतर रोख. किती रात्री, किती पायल्या, हे बांधावर उभ्या-उभ्याच ठरतं. उजाडलं की वाघर घोड्यावर चढते.