न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील सरकारी गस्त (१९३०–१९४२)

न्यू गिनी बेटाचा पूर्व भाग ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात असताना त्याच्या मध्यवर्ती डोंगरांत ज्या पायी मोहिमा गेल्या, त्यांना सरकारी दप्तरात ‘गस्त’ म्हणत. शहरातल्या पोलिसांच्या रात्रीच्या फेरीशी तिचा संबंध नाही. एक-दोन गोरे अधिकारी, दहा ते चाळीस सशस्त्र स्थानिक शिपाई आणि त्यांच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त हमाल असा जथा काही आठवडे ते वर्षभर चालत राही. नकाशा करणे, लोकवस्तीचा अंदाज घेणे, टोळ्यांमधल्या लढाया थांबवणे आणि पुढे ठाणे कुठे बसवता येईल ते पाहणे, ही तिची कामे. सोने शोधणाऱ्या खाजगी लोकांच्या मोहिमाही याच पद्धतीने चालत आणि काही वेळा दोन्ही एकत्र निघत.

प्रदेश एक असला तरी कारभार दोन होते. दक्षिणेकडचा पापुआ १९०६ पासून ऑस्ट्रेलियाकडे होता. त्याची राजधानी पोर्ट मोर्झ्बी, आणि १९०८ ते १९४० असा तब्बल बत्तीस वर्षे तिथला कारभार ह्यूबर्ट मरे यांच्या हाती होता. उत्तरेकडची जर्मन वसाहत पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने घेतली आणि पुढे राष्ट्रसंघाच्या वतीने चालवली. तिचा कारभार राबाउलहून होई. पापुआच्या पोलिसांत मोटू भाषेचे सोपे रूप चाले, तर न्यू गिनीच्या पोलिसांत टोक पिसिन ही मिश्र भाषा. गस्ती अधिकाऱ्याला उत्तरेत ‘किआप’ म्हणत.

१९३० पर्यंत दोन्ही सरकारांची समजूत अशी, की बेटाच्या कण्यासारखी पसरलेली ही रांग जवळजवळ निर्मनुष्य असावी. किनाऱ्यावरून दिसत ते ढगांत बुडालेले, जंगलाने भरलेले कडेच. त्यांच्या पलीकडे १५०० ते २००० मीटर उंचीवर रुंद, गवताळ खोरी आहेत आणि त्यांत रताळ्यांची आखीव वाफ्यांची शेती करणारे, डुकरे पाळणारे सुमारे दहा लाख लोक राहतात, हे बाहेर कोणाला माहीत नव्हते. १९३० साली सोन्याच्या शोधात निघालेले मिक लीही आणि मिक ड्वायर उत्तरेकडून या भागात शिरले आणि पाण्याच्या प्रवाहामागे चालत पुरारी नदीने थेट पापुआच्या किनाऱ्यावर उतरले. मार्च १९३३ मध्ये विमानातून वाघी खोरे पाहिल्यावर लीही बंधू, सरकारी अधिकारी जिम टेलर आणि खाण कंपनीचे सर्वेक्षक केन स्पिंक्स बेना बेनाहून पायी माउंट हागेनपर्यंत गेले. डोंगराळ भागातल्या गस्तींचा काळ इथून सुरू होतो.

शिध्याचा हिशेब

गस्त कुठवर जाईल, किती दिवस टिकेल आणि वाटेत किती माणसे मरतील, हे बंदुकांच्या संख्येपेक्षा शिध्यावर जास्त ठरत असे. हमालाच्या पाठीवर साधारण १८ ते २२ किलो ओझे देत. डोंगरात १८ च्या वर गेले की माणूस घसरतो, गुडघे जातात आणि चाल निम्मी होते. एका माणसाला दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम तांदूळ लागे. म्हणजे १८ किलो तांदूळ उचलणारा हमाल एकटाच तो पंचवीस दिवसांत संपवतो. त्याच्या ओझ्यावर शिपाई आणि अधिकारी यांचेही पोट असते, आणि तंबू, दारूगोळा, औषधे, कंदील, मीठ, देवाणघेवाणीचा माल हे सगळे खाता न येणारे सामानही कोणीतरी उचलायचेच असते. चाळीस माणसांच्या जथ्यात २८ हमाल असतील आणि सगळ्यांच्या पाठीवर फक्त तांदूळच असेल, असे धरले तरी तो अठरा दिवसांत संपतो. हमाल वाढवून हा पेच सुटत नाही, कारण वाढलेला प्रत्येक हमाल खाणारेही तोंड असतो.

यातून मार्ग तीनच. नदीने होडीतून जमेल तितके आत जायचे आणि शिधा पेरत जायचा. विमानाने माल टाकायचा. नाहीतर वाटेतल्या लोकांकडून अन्न विकत घ्यायचे. डोंगरात पोचल्यावर बहुतेक गस्तींना तिसराच मार्ग उरे. रताळ्यांवर राहायचे तर माणशी अडीच-तीन किलो लागतात. म्हणजे चाळीस जणांच्या जथ्याला रोज शंभर-सव्वाशे किलो रताळी हवीत, आणि ती बायकांनी खणून, धुऊन, जाळीच्या पिशव्यांतून तळावर आणून द्यायला हवीत. लहान वस्तीला एखादा दिवस हे जमते. तिसऱ्या दिवशी वाफे रिकामे दिसू लागतात आणि पाहुण्यांविषयीचा उत्साह ओसरतो. अनुभवी अधिकारी म्हणूनच एका जागी फार दिवस राहत नसत.

अन्नाच्या बदल्यात काय द्यायचे, या प्रश्नावर सर्वात मोठ्या चुका झाल्या. किनाऱ्यावर पोलादी कुऱ्हाड, सुरी, लाल कापड आणि मणी यांना मागणी होती, त्यामुळे गोदामातून तेच बांधून दिले जाई. डोंगरात समुद्राचे शिंपले हीच संपत्ती होती. सोनेरी कडेचा मोत्याचा शिंपला पिढ्यानपिढ्या हातोहात फिरत, शेकडो मैल ओलांडून वर येई. लग्नातले देणे, खुनाची भरपाई, मित्रपक्षाचा मान हे सगळे त्यातच मोजले जाई. वाघी खोऱ्यात एका चांगल्या शिंपल्याला मोठे डुक्कर मिळत असे. भवानीच्या भुत्यांच्या माळेत असतात तशा लहान कवड्यांची मूठ रताळ्यांच्या पिशवीला पुरे. लीही बंधूंनी हे लवकर ओळखले आणि किनाऱ्यावरून विमानाने शिंपले आणि कवड्या मागवायला सुरुवात केली. पुढे त्यांचा इतका पूर आला, की त्यांची किंमत घसरली आणि ज्या मोजक्या पुढाऱ्यांच्या हाती पूर्वी शिंपले असत त्यांची पकडही ढिली पडली.

पापुआच्या बाजूने १ जानेवारी १९३५ रोजी किनाऱ्याजवळच्या दारू बेटावरून निघालेल्या जॅक हाइड्स आणि जिम ओमॅली यांच्या गस्तीकडे शिंपले जवळजवळ नव्हते. दहा शिपाई आणि २८ हमाल घेऊन ते फ्लाय आणि स्ट्रिकलंड नद्यांनी वर गेले, पठार ओलांडले आणि चुनखडीच्या उभ्या कड्यांच्या पट्ट्यात अडकले. चुनखडीत पावसाचे पाणी जमिनीत उतरते. वर धारदार दगड, खाली खड्डे आणि प्यायला थेंब नाही, अशी तिथली स्थिती असते. तिथून ते हुली लोकांच्या तारी खोऱ्यात उतरले तेव्हा तांदूळ संपत आला होता. समोर मैलोन्मैल रताळ्यांची शेती होती, पण त्यांच्या कुऱ्हाडी आणि मणी कोणी हातात घेईना. लोक कवड्या आणि शिंपले मागत होते. पुढे वोला लोकांच्या खोऱ्यांतही तेच झाले. उपाशी जथा अन्नासाठी थांबून राहतो, यजमानांना तो ओझे वाटतो, कोणीतरी परवानगीशिवाय वाफ्यात हात घालतो, बाण सुटतात आणि मग गोळ्या. गस्त जूनमध्ये किनाऱ्याला लागली तोवर अनेक डोंगरी लोक मारले गेले होते. पुढे १९८० च्या दशकात अभ्यासकांनी त्याच वाटेवरच्या वृद्धांच्या आठवणी नोंदवल्या. त्यांतून मृतांची संख्या अधिकृत अहवालापेक्षा बरीच जास्त निघाली. हाइड्सच्या धैर्याचे त्या काळी खूप कौतुक झाले. पण शिध्याची यादी डोंगराकडे पाहून केली असती तर यातले बरेच जीव वाचले असते.

पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, आयव्हन चॅम्पियन आणि चार्ल्स अ‍ॅडमसन यांनी बामू नदी ते पुरारी नदी ही गस्त याच मुलखाच्या कडेने नेली. त्यांनी शिंपले आणि कवड्या सोबत घेतल्या होत्या, आधी विमानातून वाट पाहिली होती आणि अन्न मिळेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवली होती. दोन गस्तींत अंतर वर्षाचेच होते, पण लोकांशी झालेले वागणे फार वेगळे होते.

दिवस आणि तळ

चाल पहाटे सुरू होई, कारण दुपारनंतर पाऊस हमखास. पुढे दोन-तीन शिपाई, मग अधिकारी, मध्ये हमालांची रांग, आणि शेवटी हवालदारासह उरलेले शिपाई. रांग लांबली की धोका वाढे. मागे पडलेल्या हमालावर बाण सोडणे सर्वांत सोपे असते. म्हणून वेग नेहमी सर्वांत हळू माणसाचा धरत. वेलींचे झुलते पूल एका वेळी एक-दोन माणसांचेच वजन पेलत, त्यामुळे एखादी नदी ओलांडण्यात अर्धा दिवस जाई.

तळासाठी उघडी, थोडी उंच जागा, पाण्याजवळ पण पाण्याच्या काठावर नाही, अशी निवडत. गवत कापून चहूबाजूंनी नजर पोचेल असे मैदान करत. मग खुंट्या ठोकून सभोवती दोर किंवा मासेमारीची दोरी बांधत आणि दोराच्या आत यायचे नाही, हे खुणांनी सांगत. दोर कोणालाही अडवू शकत नाही. त्याचा उपयोग सीमा दाखवण्यापुरता असतो, आणि ती ओलांडली गेली की पहारेकऱ्याला लगेच कळते. खरेदी दोरापाशीच होई, शक्यतो एकाच माणसाच्या हातून. चार शिपाई चार भाव देऊ लागले की दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेले. रात्री पहारा आळीपाळीने, आणि पहाटेच्या आधी सगळे जागे, कारण डोंगरी लढाईत हल्ल्याची वेळ तीच.

बंदूक म्हणजे काय ते लोकांना दाखवण्यासाठी विकत घेतलेले डुक्कर सगळ्यांसमोर मारत किंवा लाकडी ढालीतून गोळी आरपार घालवत. हवेत झाडलेल्या गोळीचा असा उपयोग होत नसे. आवाज आणि मृत्यू यांचा संबंध ज्याने पाहिलेला नाही, त्याला तो नुसता गडगडाट वाटतो. कित्येक ठिकाणी हवेतल्या गोळीनंतर कोणाला काही झाले नाही हे पाहून लोक धीट होऊन पुढे आले आणि पुढची गोळी माणसावर झाडली गेली. पापुआतला नियम असा होता, की स्वसंरक्षणाखेरीज गोळी चालवायची नाही. प्रत्यक्षात तो निर्णय रांगेच्या टोकाला असलेल्या एकट्या शिपायाच्या हाती पडे.

या शिपायांविषयी अहवालांत फार कमी लिहिलेले असते. ते किनाऱ्यावरच्या आणि नदीकाठच्या गावांतले तरुण, डोंगरी लोकांइतकेच त्या भागात परके. वाट काढणे, पूल बांधणे, तळ राखणे, खाणाखुणांनी बोलणी करणे हे मुख्यतः त्यांचेच काम. बायकांवर झालेल्या जबरदस्तीच्या आणि लुटीच्या तक्रारीही बऱ्याचदा त्यांच्याच नावावर आहेत. अधिकारी एकटा आणि रांग मैलभर लांब असल्यावर हे रोखणे त्याच्या शिस्तीवर अवलंबून राही, आणि सगळ्यांची शिस्त सारखी नव्हती.

लोकांनी आलेल्यांना काय समजावे, हेही आधी ठरलेले नसे. पुष्कळ खोऱ्यांत त्यांना मेलेल्या नातलगांचे आत्मे मानले गेले. एखाद्या हमालाच्या चेहऱ्यात हरवलेला भाऊ दिसला म्हणून बाया रडत पुढे आल्या. काही दिवसांनी, हे खातात, आजारी पडतात, आडोशाला बसतात, हे दिसल्यावर शंका फिटे आणि मग सौदा किंवा लढाई यांचा विचार माणसांशी करावा तसा होई.

दुभाष्यांची साखळी लागे. एक भाषा एक-दोन खोऱ्यांपुरती असते, त्यामुळे अधिकाऱ्याचे वाक्य दोन-तीन तोंडांतून पलीकडे जाताना बदलून जाई. म्हणून गस्ती परतताना गावातली एक-दोन मुले किनाऱ्यावर नेत, भाषा शिकवत आणि पुढच्या खेपेला दुभाषी म्हणून आणत. पापुआत कैदेत ठेवलेल्या माणसांनाही याच कामी वापरले गेले.

थंडीने आणि आमांशाने बाणांपेक्षा जास्त त्रास दिला. किनाऱ्यावरचा हमाल एका कमरेच्या कापडावर वर येई. १८०० मीटरवर रात्री पाऊस आणि ओली जमीन, त्यात ताप आणि मग न्यूमोनिया. माणशी एक घोंगडी आणि तळाच्या उताराकडच्या बाजूला चर खणून घेतलेले शौचकूप ही साधी खबरदारी होती. ती जिथे टळली तिथे हमाल आजारी पडत आणि त्यांची ओझी इतरांच्या पाठीवर चढत. तितक्या उंचीवर पाणी सुमारे ९४ अंशांनाच उकळते, त्यामुळे तांदूळ शिजायला वेळ लागतो आणि ओली लाकडे असली तर अर्धकच्चाच पोटात जातो.

उकळत्या पाण्याच्या याच तापमानावरून उंची काढत. नकाशासाठी होकायंत्राने दिशा घेत आणि चाललेल्या वेळावरून अंतर धरत. चढावर वेग पडतो, म्हणून असा नकाशा डोंगरात नेहमी थोडा ताणलेला निघतो. तारे पाहून चूक सुधारावी म्हटले तर आकाश आठवडेच्या आठवडे ढगाळ असे. रोजनिशीत दिशा, तास, वस्ती, अन्नाचा भाव आणि ‘घटना’ लिहायच्या असत. गोळीबाराची नोंद शेवटच्या रकान्यात, मोजक्या शब्दांत केलेली असे.

विमान, कायदा आणि युद्ध

१९३३ मध्ये माउंट हागेनजवळ केलेल्या धावपट्टीने हिशेबच बदलला. सपाट जागेवरचे गवत काढून शेकडो लोकांनी हातात हात घालून नाचत जमीन तुडवली, की छोटे विमान उतरण्याइतकी ती घट्ट होई. दक्षिणेत कुटुबू सरोवरावर पाण्यावर उतरणारे विमान जाऊ शके, म्हणून तिथे १९३७ मध्ये पोलीस तळ उघडला आणि तिथून आजूबाजूला गस्ती निघू लागल्या. सर्वांत मोठी गस्त जिम टेलर आणि जॉन ब्लॅक यांची. १९३८ मध्ये हागेनहून तीनशेहून अधिक माणसे निघाली. वाबागला धावपट्टी करून तिच्या आधारावर ती पश्चिमेकडे सेपिक नदीच्या उगमापर्यंत पोचली आणि १९३९ मध्ये परतली. विमानाच्या आधाराशिवाय एवढा जथा महिनाभरही टिकला नसता.

याच काळात खाजगी लोकांवरचे निर्बंध कडक झाले. १९३४ च्या अखेरीस आणि १९३५ च्या सुरुवातीला चिंबू भागात दोन कॅथलिक मिशनरी मारले गेल्यावर ‘अनियंत्रित’ जाहीर केलेल्या भागात परवान्याशिवाय शिरायला मनाई अधिक सक्तीने लागू झाली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या ईशान्य सरहद्दीवर १८७३ पासून असलेल्या इनर लाइनसारखीच ही व्यवस्था. बाहेरच्यांना रोखता येते, आणि आतल्यांवर हुकमत कधी बसवायची ते सरकारला आपल्या सवडीने ठरवता येते.

कुटुबूचा तळ १९४० मध्ये बंद झाला. जानेवारी १९४२ मध्ये जपान्यांनी राबाउल घेतले आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही प्रदेशांतला नागरी कारभार थांबून लष्करी प्रशासन आले. हागेन आणि चिंबूची ठाणी लष्कराच्या हाती चालू राहिली. पण हुली आणि वोला लोकांच्या मुलखात, जिथून हाइड्सची गस्त गेली होती, तिथे मेंडी आणि तारी ही कायमची ठाणी बसायला १९५० आणि त्यानंतरची वर्षे उजाडली.