किट कारची जन्मकथा: थोडा कर, थोडं भंगार, थोडं फायबर

किट कार म्हणजे सुटे भाग विकत घेऊन घरच्या गॅरेजात स्वतः जोडलेली मोटारगाडी. बहुतेक किटांमध्ये सांगाडा, बॉडीचे तुकडे आणि काही ब्रॅकेट्स एवढंच येतं. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, स्टीअरिंग आणि ब्रेक एखाद्या जुन्या गाडीतून काढून बसवायचे असतात. त्या जुन्या गाडीला डोनर म्हणतात. या छंदाचा इतिहास सांगताना देखण्या मॉडेलांची नावं आधी घेतली जातात, पण माझ्या मते खरी गोष्ट डोनरची आहे. कोणत्या काळात कोणती साधी गाडी भंगारात स्वस्त पडून होती आणि सरकार कर नेमका कशावर लावत होतं, हे कळलं की किट कारचा जवळजवळ सगळा प्रवास उलगडतो.

कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. थॉमस हायलर-व्हाइट या इंग्रज गृहस्थांनी १८९६ मध्ये ‘इंग्लिश मेकॅनिक’ नियतकालिकात घरी बांधता येईल अशा गाडीचे आराखडे छापले होते. पुढे १९०८ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला चार्ल्स मेट्झ यांनी आपल्या गाडीचे सुटे भाग १४ पेट्यांत विभागले आणि प्रत्येक पेटी २५ डॉलरला विकायला काढली. एक पेटी घ्यायची, ती जोडून व्हायची, मग पुढची मागवायची. ३५० डॉलर भरून होईपर्यंत गाडी उभी राहायची. आजही किट घेणारे पुष्कळ जण पैसे जमतील तसा एकेक टप्पा मागवतात, ती पद्धत इतकी जुनी आहे. पण मेट्झ यांच्या योजनेतून छंद म्हणावा असं काही उभं राहिलं नाही. त्यासाठी आधी रस्त्यावर लाखो गाड्या यायला हव्या होत्या आणि त्या जुन्याही व्हायला हव्या होत्या.

ते ब्रिटनमध्ये घडलं आणि त्याचं श्रेय ऑस्टिन सेव्हनला द्यावं लागेल. १९२२ ते १९३९ या काळात ही चिमुकली गाडी तीन लाखांच्या आसपास बनली. इंजिन ७४७ सीसीचं. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची, पुढे निमुळती आणि मागे उघडी. बॉडी त्या चासीवर नुसती बोल्टांनी बसवलेली. पत्रा गंजून गेला तरी खालची चासी आणि यंत्रसामग्री धडधाकट राहायची. बॉडी उचलून बाजूला ठेवली की हातात उरायची एक चालती-फिरती गाडी, जिच्यावर हवं ते चढवता येईल. अशा घरी बनवलेल्या गाड्यांना तिथे ‘स्पेशल’ म्हणत. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबने युद्धानंतर याच गाडीवर आधारलेल्या स्वस्त शर्यतींना नियमांची चौकट दिली आणि पगारदार माणसाला शर्यतीची दारं उघडली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारा कॉलिन चॅपमन याच वातावरणात तयार झाला. १९४८ मध्ये त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली स्पेशल बांधली, तीही मैत्रीण हेझल हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. १९५२ मध्ये त्याची लोटस इंजिनिअरिंग ही कंपनी सुरू झाली आणि मार्क सिक्स हे मॉडेल किट म्हणून विकलं जाऊ लागलं. पुढे फॉर्म्युला वनमध्ये जगज्जेतेपदं मिळवणारी कंपनी घरी गाड्या जोडणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांच्या बळावर उभी राहिली, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते.

इथे कराचा प्रवेश होतो. ब्रिटनमध्ये १९४० मध्ये, युद्ध चालू असताना, परचेस टॅक्स नावाचा कर आला. चैनीच्या वस्तूंवरचा खर्च रोखणं हा त्याचा एक हेतू. युद्ध संपलं तरी तो राहिला आणि मोटारगाड्यांवर १९५० च्या दशकात त्याचा दर ५० टक्के आणि त्याहूनही वर होता. पण कर होता तयार गाडीवर. सुट्या भागांचा संच म्हणजे कायद्याच्या लेखी गाडी नव्हे. १९५७ मध्ये आलेल्या लोटस सेव्हनचे आकडे पाहा: करासकट तयार गाडी १,०३६ पौंडांना, आणि तीच गाडी किट म्हणून ५३६ पौंडांना. जवळजवळ निम्म्या किमतीत गाडी मिळत असेल तर कोण पाना हातात घेणार नाही?

अर्थात करखात्याचंही लक्ष होतं. किट जोडायचं ते ग्राहकाने स्वतः, पैसे देऊन कारागिराकडून नव्हे, अशी अट होती. जुळणीची पुस्तिका सोबत देण्यावरही बंधन होतं. तेव्हा काही विक्रेते गाडी सुटी कशी करायची याचा कागद देत आणि ग्राहक तो शेवटून वाचत पहिल्या ओळीपर्यंत यायचा, असं त्या काळातली मंडळी सांगत आली आहेत. लोटस सेव्हनची रचना मुळातच अशा जुळणीला सोयीची होती. पोलादी नळ्यांचा वेल्डिंग केलेला सांगाडा, त्यावर रिव्हेटने ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि फोर्डचं ११७२ सीसीचं साइडव्हॉल्व्ह इंजिन. दारं नाहीत, छत म्हणजे कापड. गाडी इतकी हलकी की सुमारे ४० अश्वशक्तीतही ती मजेत पळायची.

कराने गिऱ्हाईक दिलं, तर आकार दिला फायबरने, म्हणजे फायबरग्लासने. पत्र्याची बॉडी दाबून काढायला प्रचंड प्रेस आणि महागडे साचे लागतात, ते फक्त मोठ्या कारखान्यांना परवडतं. युद्धानंतर पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू सहज मिळू लागले आणि एखाद्या शेडमध्येही बॉडी काढता येऊ लागली. काम पाहायला सोपं, करायला चिकाटीचं. साच्याला आतून मेण घासून गुळगुळीत करायचं. त्यावर जेलकोटचा रंगीत थर मारायचा, तो बोटाला चिकटेल इतपत वाळला की काचतंतूची चटई अंथरायची, ब्रशने रेझिन मुरवायचं आणि रोलर दाबून आतली हवा काढायची. एक बुडबुडा राहिला तर तिथे पुढे फोड येतो, चटईचा थर कमी पडला तर कोपरा तडकतो. अमेरिकेत बिल ट्रिट यांच्या ग्लासपार कंपनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा बॉड्या काढल्या. ब्रिटनमध्ये त्याच दशकात अशा बॉड्या विकणाऱ्या छोट्या कंपन्यांचं पीकच आलं. वेल्समध्ये जाइल्स स्मिथ हा खाटीक आणि बर्नार्ड फ्रीझ हा जर्मन अभियंता एकत्र आले आणि दोघांच्या नावांवरून गिल्बर्न ही गाडी जन्मली. जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी १९५९ मध्ये मार्कोस काढली, तिची तर चासीच प्लायवुडची होती. कॉस्टिन विमानांच्या कारखान्यातून आलेले होते, त्यांना लाकडाचं वावडं नव्हतं. मिनीच्या भागांवर बेतलेली मिनी मार्कोस १९६६ च्या ल मांस शर्यतीत शेवटपर्यंत पोहोचलेली एकमेव ब्रिटिश गाडी ठरली.

हे सगळं खरं असलं, तरी त्या काळातल्या बऱ्याच स्पेशल दिसायला जितक्या वेगवान होत्या तितक्या चालायला नव्हत्या. वर इटालियन वळणाची बॉडी आणि खाली युद्धापूर्वीच्या आरेखनाची फोर्डची चासी. ब्रेक तर सळ्यांनी ओढले जाणारे. ते थांबवतील तेव्हा थांबायचं. शिवाय १९५९ मध्ये तो पायाच संपत आला. स्वतंत्र चासीवरची फोर्ड पॉप्युलर बंद झाली आणि नव्या अँग्लियाची बॉडी हाच तिचा सांगाडा होता. अशा गाडीची बॉडी उचलून बाजूला ठेवता येत नाही, ठेवली तर खाली काही उरतच नाही. त्यामुळे किट बनवणाऱ्यांना आता स्वतःची चासी द्यावी लागली. ज्यांना ती नीट जमली ते टिकले, नुसत्या बॉड्या विकणारे बहुतेक गेले. माझ्या दृष्टीने किट कार ‘गाडी’ झाली ती या वळणावर.

अटलांटिकपलीकडे मात्र एक डोनर असा होता ज्याने हे वळण कित्येक वर्षं पुढे ढकललं. फोक्सवॅगन बीटलची बॉडी तळाच्या पत्र्यावर बोल्टांनी बसवलेली होती आणि हवेने थंड होणारं इंजिन मागच्या टोकाला. रेडिएटर नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत. कॅलिफोर्नियात फायबरच्या नौका बांधणाऱ्या ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये बीटलच्या भागांवर वाळूत पळणारी एक उघडी गाडी केली, तीच मेयर्स मँक्स. पहिल्या थोड्या गाड्यांचा सांगाडाही फायबरमध्येच होता, तो खर्चिक पडला. मग मेयर्स यांनी बीटलचा तळच वापरायचं ठरवलं: मधून सुमारे १४ इंचांचा पट्टा कापून काढायचा, दोन्ही तुकडे पुन्हा वेल्डिंग करायचे, गिअरचा दांडा तेवढा आखूड करायचा आणि वर फायबरचं टब बसवायचं. १९६७ च्या पहिल्या मेक्सिकन १००० या वाळवंटी शर्यतीत मँक्सच जिंकली. मेयर्स यांच्या कारखान्यातून ५,००० हून अधिक किटं गेली, पण नकला त्याच्या कितीतरी पट झाल्या. नकला करणाऱ्यांवर त्यांनी पेटंटचा दावा लावला, तो ते हरले आणि पुढे आपलीच कंपनी सोडून गेले. ज्याने एवढ्या लोकांच्या हाती गाडी दिली त्याच्या पदरी फार थोडं पडलं, याची मला आजही हळहळ वाटते.

ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९७३ ला परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला. तो सुट्या भागांवरही लागू झाला आणि किटचा मोठा आर्थिक फायदा एका दिवसात आटला. गिल्बर्न त्याच वर्षी बंद पडली. लोटसने सेव्हनचं उत्पादन आधीच थांबवलं होतं, तिचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या कंपनीने घेतले, आणि आजही सेव्हन किट म्हणून मिळते. पैसे वाचवण्याचं कारण गेल्यावरही जे उरले ते बांधण्याच्या आनंदासाठी उरले.

१९८० च्या दशकात वारं फिरलं ते नकलांकडे. शेल्बी कोब्रा ही १९६० च्या दशकातली स्पोर्ट्स कार, मूळ गाड्या जेमतेम हजारभर बनल्या. तिच्यासारख्या दिसणाऱ्या किट गाड्या मात्र त्याहून कितीतरी जास्त झाल्या. १९९५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या फॅक्टरी फाइव्हने पडीक फोर्ड मस्टँगमधले भाग वापरणारी कोब्राची नक्कल काढून हा प्रकार सामान्यांच्या आवाक्यात आणला. कोब्राचा आकारही मुळात ब्रिटनमधल्या एसी कंपनीच्या एस (Ace) या गाडीवरून आलेला, आणि ती गाडी जॉन टोजेरो यांच्या शर्यतीच्या स्पेशलवरून. पण प्रत्येक कंपनीने नकला खपवून घेतल्या नाहीत. फेरारीने टेनेसीतल्या एका किट उत्पादकाला कोर्टात खेचलं आणि १९९१ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल फेरारीच्या बाजूने लागला. तेव्हापासून प्रसिद्ध आकाराची नक्कल करणाऱ्यांच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहे.

याच्या अगदी उलट दिशेचं पाऊल १९९६ मध्ये पडलं. रॉन चॅम्पियन यांनी २५० पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे सांगणारं पुस्तक लिहिलं. लोटस सेव्हनच्या घाटाची गाडी, चासीसाठी एक इंची चौकोनी पोलादी पाइप, डोनर जुनी फोर्ड एस्कॉर्ट. किट विकत घ्यायचंच नाही, पाइप मापात कापून घरीच वेल्डिंग करायचं. ‘लोकॉस्ट’ या नावाने हा प्रकार जगभर पसरला. इंटरनेट घरोघर येऊ लागण्याचाच तो काळ, त्यामुळे मापांतल्या दुरुस्त्या आणि सुधारलेले आराखडे एका देशातून दुसऱ्या देशात फुकट फिरू लागले.

नियमही कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी एसव्हीए (सिंगल व्हेइकल अप्रूव्हल) ही तपासणी सक्तीची झाली. २००९ मध्ये तिची जागा आयव्हीएने (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल) घेतली. ही तपासणी किती बारकाईची, त्याचं एक उदाहरण: बाहेरून १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा गाडीवर फिरवतात, आणि तो जिथे टेकू शकतो तिथली कडा किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल असावी लागते. एखादा पादचारी धडकलाच तर धारेने कापला जाऊ नये, हा हेतू. गाडीतले किती भाग मूळ डोनरचे आहेत याचे गुणही अनेक वर्षं मोजले जात. मूळ चासीला ५, इंजिनला मात्र फक्त १. आठ गुण भरले तरच जुना नोंदणी क्रमांक राहायचा. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने लहान उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत तयार प्रतिकृती विकण्याची वाट दिली, पण त्याचे अंतिम नियम यायला कित्येक वर्षं लागली.

डोनरचा प्रश्न मात्र दर पिढीला नव्याने उभा राहतो. एस्कॉर्ट संपल्या तेव्हा फोर्डचीच सिएरा आली, सिएरा दुर्मीळ झाली तेव्हा माझदा एमएक्स-५. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशी साधी मांडणी असलेल्या परवडणाऱ्या गाड्या आता फार थोड्या उरल्या आहेत. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढून सीटच्या मागे बसवणं हा एक मार्ग आहे, आणि कित्येक किटं तसं करतात. खरी अडचण तारांची आहे. नव्या गाडीत इंजिनाचा कंट्रोलर, चावीतली चिप, एबीएस आणि डॅशबोर्ड सतत एकमेकांना संदेश पाठवत असतात. त्यातला एक दुवा वगळला तर इंजिन चालूच होत नाही. म्हणून आज डोनर सुटा करणारा माणूस बोल्ट खोलण्याआधी प्रत्येक कनेक्टरवर चिठ्ठी चिकटवतो आणि वायरिंगचा गुंता अख्खाच्या अख्खा उचलून आणतो. अपघातात गेलेल्या निसान लीफची मोटर आणि बॅटरी काढून घरच्या गाडीत बसवणारेही आता आहेत. ती बॅटरी ३६० व्होल्टच्या आसपासची असते, त्यामुळे तिथे पान्याआधी विजेच्या कामाचे खास रबरी हातमोजे लागतात, आणि मुख्य जोड तोडल्याशिवाय आत हात घालायचा नसतो.