फेल्टचे अस्तर आणि फायबरग्लासचे अस्तर: व्हिनाइल शीट चिकटवायची की नुसती अंथरायची?

घराच्या जमिनीवर व्हिनाइल शीट, म्हणजे गुंडाळीत मिळणारे प्लॅस्टिकचे आच्छादन, बसवण्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: खाली गोंद लावावा की शीट नुसती अंथरावी? त्यावर मिळणारी उत्तरे ऐकून मला दर वेळी खंत वाटते, कारण हा आवडीचा, खर्चाचा किंवा कारागिराच्या सवयीचा भाग आहे असे समजून ती दिलेली असतात. एक जण सांगतो की त्याने काहीही न चिकटवता शीट अंथरली आणि ती वर्षानुवर्षे सपाट राहिली. दुसरा सांगतो की न चिकटवलेल्या शीटच्या कडा काही महिन्यांतच वर वळल्या. दोघेही खरे बोलत असतात, पण दोघांनी विकत घेतलेली वस्तू वेगळी असते. घरगुती वापराच्या व्हिनाइल शीटचे दोन मुख्य प्रकार म्हणजे फेल्टच्या (तंतू दाबून केलेल्या, जाड कागदासारख्या थराच्या) अस्तराची शीट आणि फायबरग्लासची (काचतंतूंचा थर असलेली) शीट. वरून पाहता त्या इतक्या सारख्या असतात की दुकानात शेजारी शेजारी ठेवल्या तरी फरक कळत नाही. मात्र गोंद लावायचा की नाही, कोणता लावायचा, आणि तो ओला असताना शीट टाकायची की सुकू दिल्यावर, हे सगळे त्यांच्या अस्तराने आधीच ठरवून टाकलेले असते.

वरच्या बाजूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दोन्हींमध्ये सर्वांत वर पॉलियुरेथेनचा पातळ लेप, त्याखाली झीज सोसणारा पारदर्शक थर, मग छापील नक्षी आणि नक्षीखाली फेसाळ व्हिनाइल अशी साधारण रचना असते. शीट किती वर्षे चांगली दिसेल हे त्या पारदर्शक थराच्या जाडीवर अवलंबून असते, शीटच्या एकूण जाडीवर नव्हे. ही जाडी बहुधा ‘मिल’ या एककात लिहिलेली असते. १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्यामुळे १० मिलचा थर सुमारे पाव मिलिमीटरच भरतो, आणि मिलला मिलिमीटर समजून खरेदी करणाऱ्याची फसगत होते. लिनोलियमचे नाव या चर्चेत मध्येच घेतले जाते, पण तो निराळाच पदार्थ आहे. फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि तो जवसाचे तेल, लाकडाचा भुसा व बुचाची पूड यांपासून तागाच्या कापडावर तयार होतो. त्याचे नियम व्हिनाइलला लागू होत नाहीत, एवढे येथे पुरे.

फेल्टच्या अस्तराची शीट जुनी आणि बहुतेकांच्या परिचयाची आहे. तिची पाठ जाड कागदासारखी, तंतुमय आणि किंचित खरखरीत असते. जमीन स्वच्छ व गुळगुळीत करून तिच्यावर दातेरी थापीने गोंद सर्वत्र सारखा पसरायचा, गोंद ओला असतानाच शीट टाकायची, आणि मधोमध सुरुवात करून कडांकडे हवा बाहेर ढकलत जड रोलर फिरवायचा, ही तिची रीत आहे. या कामासाठी सुमारे ४५ किलो वजनाचा तीन भागांचा रोलर वापरला जातो. हाताने किंवा पायाने दाबून त्याचे काम भागते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

खरा घोटाळा होतो तो ही रीत फायबरग्लासच्या शीटला लावण्यात, किंवा फायबरग्लासची मोकळीक फेल्टच्या शीटला देण्यात. तो टाळायचा तर दोन्ही अस्तरे आतून कशी वागतात हे समजून घ्यायला हवे. फेल्टच्या शीटमध्ये भिन्न स्वभावाचे दोन पदार्थ एकमेकांना जखडलेले असतात. वरचे व्हिनाइल उष्णतेने पसरते, थंडीने आखडते, आणि त्याला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षांगणिक कमी होत जाते तसे थोडे थोडे आकसत राहते. खालचे फेल्ट ओलावा शोषून फुगते आणि कोरडे पडले की आवळते. दोघांची ओढ कधीच सारखी नसते, म्हणून अशी शीट मोकळी ठेवली तर ती एका अंगाला वळणार हे ठरलेले आहे. गोंदाने ती जमिनीशी सर्वांगाने बांधली की ही ओढ जमीन पेलते आणि शीट सपाट राहते. थोडक्यात, फेल्टच्या शीटमध्ये गोंद हा रचनेचाच एक भाग आहे, आणि तो वगळणे म्हणजे शीट अर्धवट बसवणे होय.

फायबरग्लासच्या शीटमध्ये काचतंतूंचा पातळ, विरळ थर व्हिनाइलच्या पोटात असतो. त्याच्या वरही व्हिनाइल आणि खालीही व्हिनाइल. काच पाणी शोषत नाही आणि घरातल्या तापमानाच्या चढउतारांनी तिची लांबीरुंदी नगण्य बदलते, त्यामुळे तो थर सगळ्या शीटला लांबीरुंदीत धरून ठेवतो, आणि दोन्ही बाजूंना एकाच जातीचा पदार्थ असल्याने वर-खाली ओढाताणही फारशी उरत नाही. म्हणून ही शीट स्वतःच्या वजनाने सपाट पडून राहू शकते. ती चिकटवता येत नाही असे मात्र नाही, आणि इथेच पुढची चूक होते. ‘चिकटवलेले केव्हाही अधिक पक्के’ अशा समजुतीने फेल्टसाठीचा, ओला असताना शीट टाकायचा आणि वाळून कडक होणारा गोंद या शीटखाली फासला जातो.

त्या गोंदातील पाण्याचे काय होते याचा विचार करावा. फेल्ट सच्छिद्र असते. ओल्या गोंदातले पाणी ते पिऊन घेते आणि हळूहळू बाहेर जाऊ देते, म्हणूनच तिथे ओला गोंद चालतो. फायबरग्लासच्या शीटची पाठ व्हिनाइलची असल्याने पाण्याला तिच्यातून वाट नसते. खाली टाइल्स किंवा जुने व्हिनाइल असेल तर खालूनही वाट नसते. मग पाणी मधल्यामध्ये कोंडते, गोंद आठवडेच्या आठवडे लिबलिबीत राहतो, शीट पायाखाली सरकते, फुगे धरते, आणि दोष मात्र शीटच्या दर्जाला दिला जातो. या शीटसाठी दाबाने पकड घेणारा गोंद वेगळा मिळतो. तो अगदी पातळ पसरायचा, त्याचा दुधी रंग जाऊन तो पारदर्शक होईपर्यंत थांबायचे, बोट लावल्यावर चिकट लागला पण बोटाला उतरला नाही की मगच शीट टाकायची आणि रोलर फिरवायचा. पुष्कळ कारागीर हा थांबण्याचा वेळ वाया गेला असे मानतात. माझ्या मते संपूर्ण कामातला तोच वेळ सर्वांत मोलाचा आहे. शिवाय अशा गोंदावरची शीट पुढे कधी काढावी लागली तर बहुधा अखंड निघते.

हीच गोष्ट भिंतीलगतच्या कडांची. सर्वांगाने चिकटवलेली फेल्टची शीट भिंतीला जवळजवळ भिडवून कापता येते. नुसत्या अंथरलेल्या फायबरग्लासच्या शीटला मात्र सर्व बाजूंनी साधारण ३ ते ६ मिलिमीटर मोकळी जागा लागते. नेमके अंतर उत्पादकाच्या सूचनापत्रात दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. ही फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते, पण स्कर्टिंगचा खिळा भिंतीत जायला हवा, शीटमधून जमिनीत नव्हे. एका बाजूला शीट खिळ्याने किंवा कायमस्वरूपी बसवलेल्या कपाटाखाली आवळली गेली की तिची थोडीशी हालचालसुद्धा दुसऱ्या बाजूला सुरकुती होऊन दिसते. म्हणून कपाटे आधी बसवावीत आणि शीट त्यांच्या पायथ्याशी कापून आणावी. दारापाशी, जिथे पाय सतत घासतात, तिथे दुहेरी चिकटपट्टी किंवा गोंदाचा पट्टा आणि वर धातूची पट्टी द्यावी.

दुकानात ओळखायचे कसे, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: शीट उलटी करावी आणि नक्षीकडे पाहण्याआधी पाठ पाहावी. नमुन्याच्या तुकड्याच्या पाठीवर पाण्याचा थेंब ठेवावा; फेल्ट तो शोषून घेते आणि तिथे डाग गडद होतो, व्हिनाइलच्या पाठीवर थेंब तसाच बसून राहतो. तुकड्याचा कोपरा फाडून पाहिला तर फेल्ट पुठ्ठ्यासारखे फाटते आणि तंतू दिसतात. पॉलिस्टरच्या मऊ, लवदार कापडाचे अस्तर असलेली तिसरीही एक जात मिळते. तिला फेल्ट समजू नये. तिचे नियम तिच्या सूचनापत्रात पाहावेत. विक्रेता सूचनापत्र देऊ शकत नसेल तर ती शीट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमिनीच्या तयारीबाबत दोन्हींत फरक आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. चिकटवलेली पातळ फेल्टची शीट खालचा प्रत्येक कण, खिळ्याचे डोके आणि प्लायवूडचा सांधा काही आठवड्यांत वर उमटवते. फायबरग्लासची गुबगुबीत शीट बारीक खडबडीतपणा झाकते, आणि यावरून ‘जाड शीट घेतली की टाइल्सचे सांधे भरायची गरज नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. तो साफ चुकीचा आहे. फेसाळ थर दाबाखाली बसत जातो, आणि जिथे पाय अधिक पडतात तिथे सांध्यांच्या रेघा दिसू लागतात. सांधे लेव्हलिंग कंपाउंडने (जमीन सपाट करण्याच्या लेपाने) भरून घासून घ्यावेत. ३ मीटर लांबीत सुमारे ५ मिलिमीटरहून जास्त चढउतार असू नये, ही अपेक्षा दोन्ही प्रकारांना सारखीच लागू आहे. काँक्रीटच्या जमिनीतून ओल येते का हे पाहण्यासाठी ४५ सेंटिमीटर चौरस पॉलिथिनचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवावा. खाली पाणी जमले किंवा काँक्रीट काळवंडले तर शीट कोणतीही असो, काम थांबवावे. आणि फेल्टचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण ओल पिणारे अस्तर व वर पाणी न सोडणारे व्हिनाइल यांच्यामध्ये बुरशीला आयती जागा मिळते.

खुणा करताना जमिनीवर किंवा शीटच्या पाठीवर बॉलपेन अथवा मार्कर वापरू नये. त्यांची शाई व्हिनाइलमधून महिन्यांनी वर झिरपते आणि तो डाग पुसता येत नाही. साधी पेन्सिल पुरेशी आहे.

जोडांच्या बाबतीत माझा आग्रह असा की शक्य तिथे जोड येऊच देऊ नये. शीट २, ३ आणि ४ मीटर रुंदीत मिळते, त्यामुळे थोडी वाया गेली तरी खोलीपेक्षा रुंद शीट घेणे शहाणपणाचे. जोड द्यावाच लागला तर दोन तुकडे नक्षी जुळवून एकमेकांवर चढवावेत, धातूची पट्टी धरून धारदार कटरने दोन्ही एकाच वेळी आरपार कापावेत, आणि जोडावर सीम सीलर, म्हणजे जोड बंद करणारे द्रव्य, भरावा. फायबरग्लासची शीट बाकी सर्वत्र नुसती अंथरलेली असली तरी जोडाखाली गोंद किंवा दुहेरी चिकटपट्टी अनिवार्य आहे. फेल्टमध्ये सीलर टाळणे अधिक महागात पडते, कारण जोडातून गेलेले पाणी अस्तरातून आडवे पसरते आणि कडा फुगतात.

निवड माझ्यावर सोडली तर घरासाठी मी जवळजवळ नेहमी फायबरग्लास सुचवेन: निजायच्या खोलीत मोकळी अंथरलेली, स्वयंपाकघरात आणि बोळात मात्र दाबाने पकड घेणाऱ्या गोंदावर पूर्ण बसवलेली, कारण जड वस्तू ओढताना मोकळ्या शीटवर चाकांपुढे लाट उठते आणि ती एकदा दुमडली की खूण राहते. फेल्टची शीट वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत, चांगल्या प्लायवूडवर आणि अनुभवी हातांनी बसणार असेल तरच घ्यावी. तिथे तिचा टणकपणा उपयोगी पडतो, कारण फर्निचरच्या पायांचे खड्डे गुबगुबीत शीटवर जेवढे पडतात तेवढे तिच्यावर पडत नाहीत.

जुनी शीट काढण्यापूर्वी मात्र तिची पाठ कोणती हे जरूर शोधावे. फायबरग्लासची मोकळी शीट गुंडाळून उचलता येते. फेल्टची शीट ओढली की व्हिनाइल हातात येते आणि अस्तर जमिनीलाच चिकटून राहते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काही शीटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ श्वासातून गेल्यास घातक ठरते असे खनिज तंतू) वापरले जात असे, म्हणून त्या काळातली किंवा वय माहीत नसलेली फेल्टची शीट खरवडू नये, घासू नये, कोरडी झाडू नये. तिचा नमुना आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. ॲस्बेस्टॉस निघाले आणि जमीन घट्ट व सपाट असेल तर ती शीट जागेवरच ठेवून, तिच्या उठावदार नक्षीतले खळगे लेव्हलिंग कंपाउंडने भरून, वर फायबरग्लासची नवी शीट अंथरणे हा सहसा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो.