सई परांजपे : सिनेमाच्या आधीचा छोटा पडदा

दिग्दर्शिका सई परांजपे म्हटलं की 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर' आणि 'कथा' हे तीन सिनेमे ओठांवर येतात. यातल्या पहिल्या दोन्ही गोष्टी आधी दूरदर्शनसाठी लिहिल्या गेल्या होत्या, ही बाब मात्र बहुतेकांच्या लक्षात नसते. म्हणून त्यांच्या कामाचा माग काढायचा तर सुरुवात थिएटरपासून नव्हे, दिल्लीच्या टीव्ही स्टुडिओपासून करावी लागते.

जन्म १९३८चा, लखनौचा. आजोबा गणितज्ञ रँग्लर र. पु. परांजपे, आई शकुंतलाबाई, वडील रशियन चित्रकार. आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते, तेव्हा लहानपणीची काही वर्षं तिकडे गेली. आठव्या वर्षी 'मुलांचा मेवा' हे पुस्तक छापून आलं. घरच्या वातावरणाबद्दल एवढं पुरे. पुढच्या कामासाठी जास्त महत्त्वाची ठरली ती पुणे आकाशवाणी. तिथे त्या निवेदिका होत्या आणि मुलांचे कार्यक्रम करत. समोर प्रेक्षक नाही, हातात फक्त आवाज, आणि ऐकणारं मूल कंटाळलं की संपलं. पुढे त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या आणि तिथले संचालक इब्राहिम अल्काझी यांच्या शिस्तीत शिकून १९६३ साली बाहेर पडल्या.

भारतात टेलिव्हिजन सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ला, प्रयोग म्हणून. रोजचं प्रसारण १९६५पासून. मुंबई केंद्र उघडेपर्यंत, म्हणजे २ ऑक्टोबर १९७२पर्यंत, देशातलं टीव्ही केंद्र एकच : दिल्ली. तेही आकाशवाणीचाच एक विभाग होतं, वेगळं खातं झालं १ एप्रिल १९७६ला. सई परांजपे या दिल्ली केंद्रात निर्मात्या म्हणून रुजू झाल्या. तिथल्या निर्मात्याला पैसे उभे करायचे नसत, बाकी सगळं करावं लागे. संहिता, नटांची निवड, तालमी, आणि प्रसारणाच्या वेळी पॅनलवर बसून कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं तेही. बरंचसं थेट जायचं. नट वाक्य विसरला तर ते पाहणाऱ्यांसमोरच विसरला! टेप महाग, त्यामुळे जे मुद्रित व्हायचं तेही पुसून टेप पुन्हा वापरात यायची. त्या काळातलं किती काम असं धुतलं गेलं असेल, याचा विचार केला की हळहळ वाटते.

१९७२ त्यांच्यासाठी भरभराटीचं वर्ष. 'द लिटल टी शॉप' या टीव्हीपटाला तेहरानमध्ये आशियाई प्रसारण संघाचं पारितोषिक मिळालं, आणि मुंबई केंद्राच्या उद्घाटनाचा कार्यक्रम करण्यासाठी त्यांचीच निवड झाली.

दिल्लीत अंध मुलांच्या शाळेशी आणि तिथल्या मुख्याध्यापकांशी त्यांचा परिचय झाला, त्यातून 'रैना बीती जाए' हे टीव्हीनाट्य आलं. त्याचाच पुढे 'स्पर्श' झाला : १९७९चा सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचा, सईंना पटकथेचा. एवढं होऊनही सिनेमा थिएटरात लागायला चारेक वर्षं गेली. तीन मित्रांची दुसरी गोष्ट होती 'धुआँ धुआँ', तिचा १९८१मध्ये 'चश्मेबद्दूर' झाला. एक खोली, तीन पोरं, फिरती सिगरेट आणि अखंड बडबड, ही मांडणी मला तरी थेट स्टुडिओतून आलेली वाटते. दोन सेट आणि मोजकी पात्रं एवढंच हाताशी असेल तर दिग्दर्शकाला संवादाच्या टायमिंगवरच उभं राहावं लागतं, आणि ती सवय बजेट वाढल्यावरही सुटत नाही. २०१३ साली डेव्हिड धवन यांनी रीमेक केला, तेव्हा ५ एप्रिलला मूळ चित्रपटही नव्याने थिएटरात लागला. दिल्ली केंद्राच्या त्या गोष्टीचं नशीब असं दांडगं. 'कथा'चं मूळ मात्र टीव्हीत नाही, ते स. गं. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या नाटकात आहे.

सिनेमात नाव झाल्यावर सहसा कोणी टीव्हीकडे वळत नसे. त्या वळल्या. १९८४मध्ये दूरदर्शनच्या 'हम लोग' या मालिकेनंतर प्रायोजित मालिकांचं पर्व सुरू झालं, आणि त्याच वर्षी त्यांची 'अडोस पडोस' आली, पुढच्या वर्षी 'छोटे बडे'. शेजारी, कुटुंब, घरातली कुरबुर हेच विषय. खलनायक लागत नाही, हा त्यांचा गुण मालिकांतही टिकला. पण आठवड्याचा भाग ही वेगळीच चाकोरी असते, तिथे गोष्ट ताणावी लागते. माझ्या मते त्यांचा हात नेमक्या लांबीच्या एकाच गोष्टीवर जास्त बसलेला होता.

पुढे माहितीपटांतही त्यांनी हीच लहान लांबी जवळ केली. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी १९९३ साली केलेला 'चूडियाँ' महाराष्ट्रातल्या एका गावातल्या बायकांनी दारूविरुद्ध उभारलेल्या लढ्यावर होता, आणि त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.