प्लेटलेटपुरते रक्तदान

ल्युकेमियावरील, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरील, औषधोपचार सुरू झाले की अस्थिमज्जेतील प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशींची, निर्मिती काही काळ मंदावते. एरवी एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असणारी त्यांची संख्या कधी दहा हजारांच्याही खाली जाते आणि जखम नसतानाही रक्तस्राव होण्याची भीती असते. अशा रुग्णाला एका रक्तदात्याच्या नेहमीच्या पिशवीतून निघणाऱ्या प्लेटलेट पुरत नाहीत. पाच-सहा दात्यांच्या एकत्र कराव्या लागतात. रक्तातील हवा तो घटक वेगळा करून बाकीचे रक्त दात्याला परत देणाऱ्या एफेरेसिस यंत्राने मात्र तेवढ्या एकाच दात्याकडून मिळतात. वारंवार प्लेटलेट घ्याव्या लागणाऱ्या रुग्णाचा अनेक जणांच्या रक्ताशी येणारा संबंध त्यामुळे टळतो, आणि मला हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

दात्याच्या हातातून निघालेले रक्त एकदाच वापरायच्या निर्जंतुक नळ्यांमधून सेंट्रिफ्यूजमध्ये जाते. तेथे वेगाने फिरताना जड तांबड्या पेशी बाहेरच्या कडेकडे सरकतात, हलका पिवळसर रक्तद्रव आतल्या बाजूस राहतो आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांचा पातळ थर जमतो. यंत्र त्यातील प्लेटलेट थोड्या रक्तद्रवासह पिशवीत घेते आणि उरलेले रक्त दात्याला परत देते. हे चक्र साधारण तास-दीड तास चालते.

नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून मिसळलेले सायट्रेट रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते. परतीच्या रक्ताबरोबर ते दात्याच्या शरीरात गेले की ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ शकतात. दात्याने संकोच न करता हे लगेच सांगावे. रक्त परत देण्याचा वेग कमी केला आणि कॅल्शियमची गोळी दिली की बहुधा बरे वाटते.

अशा यंत्रामागे एका वडिलांची तळमळ होती. आयबीएम या संगणक कंपनीतील अभियंता जॉर्ज जडसन यांच्या मुलाला ल्युकेमिया झाला होता. 1960च्या दशकात त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. एमिल फ्रायराइश यांच्यासह रक्तपेशी सलग वेगळ्या करणारे यंत्र घडवले.

मिळालेल्या प्लेटलेट थंडीत ठेवल्या तर त्यांचा आकार बदलतो आणि रुग्णाच्या शरीरात गेल्यावर त्या लवकर नाहीशा होतात. म्हणून त्या 20 ते 24 अंश सेल्सिअसला, सतत हलत्या फळीवर ठेवतात. या तापमानात जंतू वाढण्याचा धोका असल्याने त्या सामान्यतः पाचच दिवस वापरता येतात. त्यातलाही काही वेळ संसर्गाच्या चाचण्यांत जातो, त्यामुळे रक्तपेढीला मोठा साठा करून ठेवता येत नाही आणि गरजेप्रमाणे दात्यांना बोलवावे लागते.