गूढ शब्दकोड्यात सचोटी कशी आली

‘उलटी वाहणारी नदी गरीब (२)’. हा गूढ शब्दकोड्यातला क्लू, म्हणजे उत्तराकडे नेणारा संकेत; कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा. वाचताक्षणी आटलेलं पात्र डोळ्यांसमोर येतं आणि तिथेच आपण फसतो. ‘नदी’ ही अक्षरं उलटी वाचा: ‘दीन’, म्हणजे गरीब. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, उरलेल्या शब्दांत ते घडवण्याची कृती, आणि एकही शब्द फुकटचा नाही. ही शिस्त आज इतकी मुरली आहे, की ती पहिल्यापासूनच असावी असं वाटतं. तशी ती नव्हती.

आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आलं. त्यात क्लू म्हणजे निव्वळ व्याख्या. १९२४ मध्ये अमेरिकेला कोड्यांचं वेड लागलं. ब्रिटनने आधी नाकं मुरडली, पण १९३० मध्ये ‘द टाइम्स’नेही कोडं सुरू केलं.

गूढ वळण मात्र ब्रिटनमधलं. कवी आणि अनुवादक एडवर्ड पॉविस मॅदर्स १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमादा’ या नावाने कोडी रचू लागले. स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखाचं, छळासाठी कुप्रसिद्ध असलेलं हे नाव. प्रतिभा विलक्षण, पण उत्तर सापडल्यावरही ‘हेच का?’ ही रुखरुख उरायची. माझ्या मते कोड्यातली खरी मजा नेमकी इथेच निसटते.

१९३९ मध्ये मॅदर्स वारले आणि ती जागा डेरिक मॅकनट यांच्याकडे आली. अभिजात भाषांचे हे शिक्षक ‘झिमेनिस’ नावाने लिहीत. हे नावही एका धर्मन्यायाधीशाचंच. दरम्यान १९४९ मध्ये ‘आफ्रिट’ म्हणजे अ‍ॅलिस्टर रिची यांनी मूळ तत्त्व मांडलं होतं: वरवरचा अर्थ कोडेकाराला अभिप्रेत नसला तरी चालेल, पण जे अभिप्रेत आहे ते शब्दांत उतरलंच पाहिजे. मॅकनट यांनी १९६६ च्या पुस्तकात त्याचे काटेकोर नियम बांधले. फसवा, पण खोटं बोलू नका.

सगळ्यांना हे जाचक बंधन मानवलं नाही. ‘गार्डियन’चे ‘अराउकारिया’, म्हणजे जॉन ग्रॅहम, नियम सैल सोडत आणि तरी वाचकांचे लाडके होते. एवढा खेळकर हात असला तर सूट शोभते.

१९७२ मध्ये मॅकनट यांची गादी जोनाथन क्राउदर यांनी घेतली. त्यांनी घेतलेलं नाव ‘एझेड’ (Azed). धर्मन्यायाधीश देझा (Deza) यांचं आडनाव रोमन लिपीत उलटं लिहिलं, की तेच नाव मिळतं. आणि इंग्रजी वर्णमालेचं पहिलं आणि शेवटचं अक्षरही त्यातच.